पंखा अकरा मिनिटं फिरला

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी भाचा दुकानात आला तो बुटाचं खोकं काखेत मारून. मी एका रिक्षाच्या बॅटरीत ॲसिडची ताकद मोजायचा हायड्रोमीटर घालून बघत होतो. तिसरा सेल बसला होता आणि रिक्षावाला ते मान्य करायला तयार नव्हता. "आता काय करलालास बे?" मी भाच्याला विचारलं. त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "मामा, पाण्यावर चालणारी पाणबुडी करायचीय. कॉलेजच्या प्रदर्शनात."

सोलापुरात, जिथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं पोरगं पाण्यावर चालणारी पाणबुडी करणार! रिक्षावाला मोठ्यानं हसला. सेलचं दुःख तेवढ्यापुरतं तरी विसरला.

भाचा अकरावी सायन्सला आहे. डोकं चांगलं आहे, फक्त मोबाइलवर जे दिसेल ते आधी खरं मानतो, मग तपासतो. त्याची कल्पना अशी होती : पाणबुडीच्या चहूबाजूंनी पाणीच पाणी. पाण्यात हायड्रोजन आहे. करंट सोडून तो मोकळा करायचा, फ्युएल सेलमध्ये घालायचा, की करंट मिळतो आणि पाणीही परत मिळतं. त्याच करंटवर पुन्हा पाणी फोडायचं. डिझेल नको, हवेसाठी वर यायला नको, वर्षभर खाली राहा. कुठल्या तरी व्हिडिओत संगीतबिंगीत लावून हे दाखवलं होतं म्हणे.

माझं बॅटरीचं दुकान अशोक चौकाच्या अलीकडं आहे, सत्तावीस वर्षं झाली. त्याआधी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, पुढचं शिक्षण तिथंच थांबलं. त्यामुळं झालंय असं की माझी केमिस्ट्री पुस्तकात कमी आणि कपड्यांवरच्या भोकांत जास्त आहे. पण पाणी फोडायचं म्हणाल, तर ते मी रोज करतो. मुद्दाम करत नाही, ते होतं. लेडच्या सेलचा व्होल्टेज चार्जिंगला २.४ च्या वर गेला की आत बुडबुडे सुटायला लागतात. आम्ही म्हणतो, बॅटरी उकळायला लागली. ते उकळणं नसतं. जादाचा करंट पाणी फोडत असतो. एका प्लेटवर हायड्रोजन, दुसरीवर ऑक्सिजन. म्हणून तर तुम्हाला इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल वॉटर घालावं लागतं. मागच्या वेळी घातलेलं पाणी कुठं सांडलेलं नसतं, गॅस होऊन तुमच्या जिन्याखालून निघून गेलेलं असतं. एक लिटर पाणी पुरतं फुटलं तर साडेतेराशे लिटरच्या घरात हायड्रोजन होतो. जिन्याखाली बॅटरी ठेवून वर कपाट बंद करणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे नेहमी सांगतो. ते "हो हो" म्हणतात आणि कपाट बंद करतात.

त्या हायड्रोजननं मला एकदा प्रसाद दिलाय. दुकान नवीन होतं. रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी सकाळी काढायला गेलो, चार्जर बंद न करताच क्लिप ओढली. ठिणगी पडली. सुतळी बॉम्बसारखा आवाज, बॅटरीचं झाकण छताला, ॲसिड माझ्या तोंडावर. आदल्या दिवशीच नळ आला होता म्हणून दोन बादल्या भरलेल्या होत्या, त्यात तोंड बुडवलं. डोळे वाचले. हवेत शेकडा चार भाग हायड्रोजन झाला की तो पेटायला तयार असतो, आणि चारपासून पार पंचाहत्तरपर्यंत तयारच राहतो. शर्ट अजून ठेवलाय. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी दाखवतो.

भाच्याला म्हटलं, करूया प्रयोग. बोलून काही होणार नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं घोळ घातला. समुद्राचं पाणी पाहिजे म्हणून नळाच्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं, पेन्सिलीतल्या दोन शिसकांड्या बुडवल्या आणि बारा व्होल्टची बॅटरी लावली. बुडबुडे जोरात. पोरगं खूश. मिनिटाभरात दुकानात पोहायच्या तलावाचा वास सुटला. "मामा, ऑक्सिजनला वास असतो?" त्याला आधी बाहेर काढलं आणि शटर पूर्ण वर केलं. ते क्लोरीन होतं. मिठाच्या पाण्यात करंट सोडला की पॉझिटिव्हच्या बाजूला ऑक्सिजनऐवजी क्लोरीन सुटतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं शेकडा साडेतीनच्या आसपास, म्हणजे भरपूर. महायुद्धांच्या काळातल्या पाणबुड्यांत समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं की हाच विषारी वायू बंद डब्यात पसरायचा. खलाशी शत्रूइतकेच स्वतःच्या बॅटरीला भिऊन असायचे. म्हणून पाणबुडीत पाणी फोडायचं तर आधी ते गोडं करून, अगदी शुद्ध करून घ्यावं लागतं. चहूबाजूचं पाणी आपलं, ही कल्पना तिथंच निम्मी ढासळते. भाच्यानं मीठ टाकून दिलं आणि डिस्टिल वॉटरमध्ये धुण्याचा सोडा घातला. मग वास गेला, आणि निगेटिव्हवरच्या नळीत दुसरीच्या दुप्पट गॅस जमू लागला. पुस्तकात लिहिलेलं डोळ्यांनी दिसलं की पोरांचा चेहरा कसा होतो, ते बघण्यासारखं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं एक कीट मागवलं. साडेतीन हजाराचं. पैसे माझे. काड्यापेटीएवढा सेल, मध्ये प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा, दोन छोट्या टाक्या, एक पंखा. गंमत अशी की करंट दिला तर तोच सेल पाणी फोडतो, आणि करंट काढून पंखा जोडला तर तेच दोन वायू जोडून पाणी करतो आणि करंट देतो. एकच यंत्र, उलटसुलट. विल्यम ग्रोव्ह या वेल्सच्या माणसानं १८३९ सालीच हे दाखवलं होतं. पाणी फोडण्याचं यंत्र उलटं चालवलं तर वीज मिळते, म्हणजे बॅटरीला जसं चार्ज-डिस्चार्ज तसंच. फरक इतकाच की चार्ज प्लेटांत साठत नाही, टाकीत साठतो.

पाच मिनिटं चार्ज केलं. पंखा जोडला. पंखा फिरला, फिरत राहिला. भाचा मोबाइलवर वेळ लावून बसला होता. अकरा मिनिटं! तो उठून नाचायलाच लागला. "पाच मिनिटं घातली, अकरा मिनिटं निघाली! दुपटीपेक्षा जास्त, मामा! मी म्हणत नव्हतो?" कामाला असलेला पोरगापण टाळ्या वाजवायला लागला.

मी काही बोललो नाही. व्होल्ट-अँपिअर मोजायचा मल्टिमीटर काढून त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या फेरीला मोजलं. चार्ज करताना १.९ व्होल्ट, ०.७ अँपिअर, ३०० सेकंद. गुणाकार करा : ३९९ ज्यूल ऊर्जा आत गेली. पंखा फिरताना ०.७ व्होल्ट, पाव अँपिअर, साधारण ६८० सेकंद. गुणाकार करा : ११९ ज्यूल बाहेर आली. रुपया घातला, तीस पैसे आले. पंखा जास्त वेळ फिरला कारण तो हळूहळू खात होता, एवढंच. सत्तर पैसे कुठं गेले? सेलला हात लावून बघ म्हटलं. कोमट होता. सगळाच हिशोब त्या कोमटपणात नाही, थोडा वायू टाकीत विरून गेला असणार, पण बहुतेक तिथंच. पाणी फोडायला हिशोबानं १.२३ व्होल्ट पुरायला हवेत, प्रत्यक्षात दोनच्या जवळ ढकलावे लागतात. परत मिळताना १.२३ चे ०.७ होऊन येतात. जातानाही जकात, येतानाही जकात.

मोठ्या यंत्रांचंही फार वेगळं नाही. किलोभर हायड्रोजन काढायला पाण्यापासून ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो किलो फ्युएल सेलमधून गेला की १६ ते २० युनिट परत मिळतात. आमच्या लेड बॅटरीला जुनाट म्हणून हसतात लोक, पण ती रुपयातले सत्तर-ऐंशी पैसे परत देते, लिथियमवाली त्याहून जास्त.

त्या रात्री भाचा जेवायला थांबला होता. शेंगाची चटणी, कडक भाकरी. मी म्हटलं, हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं त्यालाच आपण पाणी म्हणतो. पाणी ही राख आहे. चुलीतली राख परत चुलीत घातली तर ही भाकरी भाजेल का? राखेचं परत लाकूड करायचं असेल तर होतं, पण त्याला जितका जाळ मिळाला होता त्याहून जास्त खर्ची पडतो. बहीण म्हणाली, जेवताना राख नको. विषय तिथंच थांबला, पण पोरगं भाकरी मोडता मोडता गप्प झालं होतं.

मग आला खरा प्रश्न. "मामा, पण जर्मनीच्या पाणबुडीत फ्युएल सेल आहेत. ते तर खोटं नाही ना?"

नाही, ते शंभर टक्के खरं आहे. मला पाणबुड्यांचा नाद आहे, तो बॅटरीपायी लागला. साधी डिझेलची पाणबुडी म्हणजे पाण्याखालची प्रचंड मोठी लेड-ॲसिड बॅटरी. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ती वर येऊन किंवा पाण्याबाहेर नळी काढून बॅटरी चार्ज करते, मग खाली जाऊन शांतपणे मोटरवर चालते. काही दिवसांनी बॅटरी उतरते, पुन्हा नळी वर. नळी दिसली की शत्रूला पत्ता लागतो. आणि चार्जिंगला माझ्या दुकानासारखाच हायड्रोजन सुटतो, फक्त तिथं शटर वर करायची सोय नाही. २०१० च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला आपल्या आयएनएस सिंधुरक्षकवर बॅटरीच्या कप्प्यात हायड्रोजनचा स्फोट होऊन एक नौसैनिक गेला. बॅटरीचा सदोष व्हॉल्व्ह गळत होता. ती बातमी वाचली तेव्हा माझा हात आपोआप त्या जुन्या शर्टाकडं गेला.

जर्मनीनं फ्युएल सेलवर बरीच वर्षं काम केलं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी यू-१ या छोट्या पाणबुडीवर चाचण्या घेतल्या, आणि २००५ मध्ये २१२-ए प्रकारची यू-३१ नौदलात आली. पाण्यावर असताना दीड हजार टनांच्या आसपासची बोट. आत नऊ फ्युएल सेल, प्रत्येकी तीस-चाळीस किलोवॅटचे, सगळे मिळून तीनशे किलोवॅट. म्हणजे ताकद साधारण एका मोठ्या ट्रकच्या इंजिनाएवढी. तेवढ्यावर ती बोट पळत नाही, पण चालत राहते. सेलमध्ये हलणारा भाग नाही, धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. याच प्रकारची यू-३२ २०१३ साली अमेरिकेच्या किनाऱ्याकडं जाताना अठरा दिवस सलग पाण्याखाली होती, एकदाही नळी वर न काढता.

आता त्यात पाणी फोडायचं यंत्र आहे का? नाही. हायड्रोजन बंदरातून भरून नेतात. ऑक्सिजनही द्रवरूपात, गार टाकीत. आणि हायड्रोजन साठवण्याची तऱ्हा मला फार आवडते. सिलिंडरात धातूची भुकटी असते, ती हायड्रोजन पिते, माठ पाणी पितो तसा. पिताना गरम होते, म्हणून भरताना थंड करत राहायचं. परत काढायचा असेल तर ऊब द्यायची, आणि ती ऊब फ्युएल सेलच्याच तापलेल्या पाण्यातून मिळते. स्फोटाची भीती कमी. पण वजन! भुकटीच्या वजनाच्या शेकडा दोन भागसुद्धा हायड्रोजन मावत नाही. शंभर किलोचं ओझं आणि आत दोन किलोही माल नाही. मोटारीत हे परवडणार नाही. पाणबुडीला एरवीही बुडण्यासाठी वजन लागतंच, म्हणून तिथं चालून जातं. सिलिंडर मुख्य कवचाच्या बाहेर बांधलेले असतात.

हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे फोडायचं यंत्र किनाऱ्यावर, आणि फ्युएल सेल बोटीत."

बरोबर. माझं चार्जिंगचं बाकडं दुकानात असतं, बॅटरी गाडीत जाते. बाकडं कुणी गाडीत घालून नेत नाही. बोटीत पाण्याखाली पाणी फोडायला वीज असेल तर ती वीज सरळ मोटरला का देऊ नये? जकातनाका मध्ये घालायचाच कशाला?

पण एक पाणबुडी आहे जिथं पाणी खरंच आत फोडतात, आणि हे मी त्याला मुद्दाम शेवटी सांगितलं. अणुभट्टीवाली. तिला विजेची ददात नाही. तिथं शुद्ध पाणी फोडून ऑक्सिजन काढतात, माणसांना श्वासासाठी. आम्ही दोघांनी दुकानातल्या बिलबुकाच्या मागं हिशोब केला. एका माणसाला दिवसाला ८४० ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. शंभर माणसं धरली तर ८४ किलो. त्याला पाणी लागेल ९५ लिटर, म्हणजे आमच्या घरच्या चार-पाच बादल्या. वीज पाचशे-साडेपाचशे युनिट. आमच्या गल्लीतली शंभर घरं दिवसाला जेवढी वापरतील तेवढी. मेगावॅटच्या भाषेत बोलणाऱ्या भट्टीला हे म्हणजे चिल्लर. "आणि हायड्रोजन? त्याचं काय करतात?" समुद्रात सोडून देतात. भाचा उठून उभा राहिला. "फेकून देतात?" ज्याच्यासाठी तो महिनाभर झटत होता तो हायड्रोजन फेकून देतात, हे त्याला जिव्हारी लागलं. त्यात परत कष्ट करून तीस पैसे काढण्यापेक्षा बंद डब्यात तो नसणं जास्त मोलाचं, हे मी त्याला शर्टाकडं बोट दाखवून सांगितलं. यंत्र बिघडलं तर क्लोरेटच्या मेणबत्त्या जाळून ऑक्सिजन काढतात. तेही निर्धोक नाही. २००७ साली ब्रिटनच्या टायरलेस पाणबुडीवर आर्क्टिकच्या बर्फाखाली अशा मेणबत्तीचा स्फोट होऊन दोघे गेले.

पाणबुडीच्या फ्युएल सेलवरचं आपल्याकडचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, एकतर ते अंबरनाथचं आहे म्हणून. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना पहाटे डोळे किलकिले होतात तेव्हा कर्जत-अंबरनाथ येतं. तिथं डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधनाच्या सरकारी संस्थेची, नौदलाच्या साहित्यावर काम करणारी प्रयोगशाळा आहे. त्यांनी फॉस्फोरिक ॲसिडचा फ्युएल सेल केला. ॲसिड म्हटलं की मला माहेर भेटल्यासारखं होतं. ८ मार्च २०२१ ला जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी झाली. २०२४ च्या डिसेंबरात माझगाव डॉकशी १,९९० कोटींच्या आसपासचा करार झाला, आपल्या नौदलाच्या कलवरी वर्गाच्या डिझेल पाणबुडीत हे बसवता यावं म्हणून बोटीचा जादा तुकडा बांधायला. या पद्धतीत हायड्रोजन भरून नेतच नाहीत. सोडियम बोरोहायड्राइड नावाचं रसायन नेतात आणि बोटीतच त्यावर पाण्याची क्रिया करून हायड्रोजन काढतात. आणि त्या क्रियेत निघणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा रसायनातला असतो, निम्मा पाण्यातला.

"निम्मा पाण्यातला?" भाच्यानं परत विचारलं.

निम्मा पाण्यातला. म्हणजे पोरगं निम्मं बरोबर होतं. फक्त पाणी फोडायची ताकद फुकट येत नाही. ती कुठल्या तरी कारखान्यात त्या रसायनात आधीच भरून ठेवलेली असते.

प्रदर्शनात त्यानं तक्त्यावरचं नाव बदललं : "पाण्याखाली वीज : किती घातली, किती आली". मल्टिमीटर मध्यभागी, पंखा बाजूला. नंबर आला नाही. पहिला नंबर हलत्या ज्वालामुखीला गेला, त्यातून लाल पाणी उसळत होतं. परीक्षकांपैकी एका मॅडमनी मात्र दोनदा येऊन आकडे वहीत उतरून घेतले, असं तो सांगत होता. मला ते नंबरापेक्षा मोठं वाटलं, त्याला नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो तेव्हा त्यानं पत्र्याची होडी घेतली, आत तेलाचा दिवा लावला की फटफट करत परातीतल्या पाण्यात फिरते ती. मी लहानपणी घ्यायचो तेव्हा मलाही वाटायचं, ती पाण्यावर चालते. नळीत पाणीच तर भरायचं असतं. विक्रेताही तसंच ओरडत होता, "पाण्यावर चालणारी बोट". भाचा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "मामा, वात विझवून दाखव म्हणावं त्याला."

कीट दुकानातच पडून होतं. परवा एप्रिलच्या उन्हात आठवण झाली म्हणून पंखा जोडून बघितला, हलेना. आतला पडदा ओला असावा लागतो, इथं पारा चाळिशीच्या वर गेल्यावर तो कशाला ओला राहतोय. सिरिंजनं डिस्टिल वॉटर घातलं, रात्रभर ठेवलं. सकाळी चार्ज केलं तर फिरला, पण साडेसात मिनिटंच. सेल बसायला लागलाय. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.